बटाटा कुठल्या ताटात?

बालवाडीतलं माझं पहिलंच वर्ष. मुलांपुढे भाज्या-फळांची चित्रं पसरली होती आणि दोन ताटं मांडली होती, एक भाज्यांचं, एक फळांचं. चार वर्षांच्या एका मुलाने बटाट्याचं चित्र उचललं, दोन्ही ताटांकडे नीट बघितलं आणि चित्र खाली सतरंजीवर ठेवलं.

"अरे, भाजीत ठेव की," मी म्हटलं.

"बटाटा भाजी नाय. बटाट्याचा वडा असतो."

मी त्याच्या हातून ते चित्र भाजीच्या ताटात ठेवून घेतलं आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्याच्या वडिलांची वड्याची गाडी आहे, हे मला महिन्याभराने कळलं. पोरगं रोज सकाळी उकडलेल्या बटाट्यांच्या पातेल्याशेजारी डोळे चोळत उठत होतं. बटाट्याबद्दल त्या खोलीत सगळ्यात जास्त माहिती त्याला होती, आणि त्यालाच मी गप्प केलं होतं.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर चित्रपुस्तकं घेऊन बसायला सुरुवात करणाऱ्या नव्या ताईंना, अंगणवाडी सेविकांना, घरी नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना मी हा प्रसंग आधी सांगते. शब्द वाढवणं आणि गट पाडणं ही दोन कामं एकाच बैठकीत होतात. मूल एखादी वस्तू कुठे ठेवतं आणि का ठेवतं, हे सांगायला लागलं की त्याला शब्द लागतात, आणि शब्द मिळाला की पुढची वस्तू कुठे ठेवायची ते कळतं. सुपात तांदूळ घेऊन बसलेली आजी 'हा खडा, ही कणी, हा भात' म्हणत नातवाला हेच शिकवायची. 'निवडणं' हा आपला जुना शब्द या कामाला नेमका बसतो.

नाव दिलं की काय होतं

तीन वर्षांच्या मुलाला गाईचं चित्र दाखवून विचारा, 'हिच्याबरोबर काय ठेवशील?' म्हैस समोर असूनही पुष्कळ मुलं गवत उचलतात. गाय गवत खाते, ती त्यांची जोडी, त्यात एक गोष्ट आहे. म्हैस बिचारी नुसतीच उभी.

१९८४ साली एलेन मार्कमन आणि जीन हचिन्सन या अमेरिकी संशोधकांनी अशाच जोड्यांचे प्रयोग केले. चित्र दाखवून 'असंच आणखी एक शोध' म्हटलं की लहान मुलं बऱ्याचदा सोबतीच्या वस्तूकडे जायची. त्याच चित्राला कधी न ऐकलेलं, बनवलेलं नाव दिलं आणि त्या नावाने आणखी एक शोधायला सांगितलं, की मुलं त्याच जातीची वस्तू जास्त वेळा उचलायची. म्हणजे नाव कानावर पडताच मूल 'याच्यासोबत कोण' हे सोडून 'याच्यासारखं कोण' या बाजूला वळतं.

आपल्या कामापुरता याचा अर्थ एवढाच, की 'याच्यासारखं शोध' म्हणण्याऐवजी 'ही पालेभाजी. आणखी पालेभाजी कुठे दिसते?' असं म्हणावं. आणि गाईशेजारी गवत ठेवलं तर ते चूक म्हणू नये. तो वेगळा गट आहे, त्यालाही नाव देता येतं: 'गाय आणि तिचा चारा'.

पुस्तक निवडताना

भिंतीवरचा तक्ता आणि चित्रपुस्तक यांत फरक आहे. तक्त्यावर प्रत्येक वस्तू आपापल्या चौकोनात एकटी असते, तिचं काही चाललेलं नसतं. आपल्याला हवं ते गजबजलेलं पान: मंडई, गोठा, स्वयंपाकघर, एसटी स्टँड. माणसं काहीतरी करताहेत, वस्तू एकमेकींत मिसळल्या आहेत. पानावर एक-दोन ओळी मजकूर पुरतो. मी नव्यांना मंडईचं पान घ्यायला सांगते, कारण त्यातल्या वस्तू दुसऱ्या दिवशी घरच्या पिशवीत सापडतात.

पैसे नसतील तर अडत नाही. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. खुल्या परवान्यामुळे पानाच्या झेरॉक्स काढून कात्री चालवली तरी कुणाची हरकत नाही, आणि पुढे आपल्याला नेमकं तेच करायचं आहे. विकत घ्यायची तर नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त असतात आणि पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं चांगली असतात.

पुस्तकातला शब्द आणि मुलाच्या घरचा शब्द वेगळा निघतो, त्याची तयारी ठेवा. विदर्भातलं मूल कोथिंबिरीला सांबार म्हणेल, बटाट्याला आलू म्हणेल, वऱ्हाडातलं टोमॅटोला भेदरं म्हणेल. आधी त्याचा शब्द आपण उच्चारायचा, मग पुस्तकातला: 'हो, सांबार. पुस्तकात कोथिंबीर लिहिलंय. दोन्ही याचीच नावं.' घरचा शब्द खोडलात की मूल पुढची दहा मिनिटं तोंड उघडत नाही, हे मी अनेकदा बघितलंय.

आधी शब्द ठरवा, मोजकेच

बसण्यापूर्वी पान स्वतः बघा आणि वहीत सहा शब्द लिहा. सहाच. नवी ताई हमखास पंचवीस लिहिते आणि सगळेच वस्तूंची नावं असतात. भेंडी, गवार, दोडका, पडवळ ही नावं हवीतच, पण नुसत्या नावांनी बोलणं पुढे सरकत नाही. माझ्या सहांत दोन नावं असतात, दोन क्रिया, एक गुण आणि एक छत्रीसारखा शब्द, म्हणजे ज्याच्याखाली बाकीचे मावतात असा.

क्रियांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि आपण ती श्रीमंती 'करणे' या एका क्रियापदात घालवतो. 'मटार कर', 'मेथी कर', 'नारळ कर'. मटार सोलतात, मेथी निवडतात किंवा खुडतात, नारळ फोडतात आणि खोवतात, गाजर किसतात, कांदा चिरतात, लसूण ठेचतात. यातले दोन घेतले तरी त्यांच्यावरून गट पडतात: सोलायच्या भाज्या आणि न सोलता खायच्या भाज्या.

गुणांचंही तसंच. मोठं-लहान यावर थांबू नका. पडवळ लांब, तोंडली आखूड. भेंडी चिरल्यावर बुळबुळीत. कारलं खडबडीत, वांगं गुळगुळीत. रंगांत तर गंमत आहे, कारण आपल्या कितीतरी रंगांच्या नावांत ती वस्तूच लपलेली असते: पोपटी, जांभळा, डाळिंबी, अंजिरी, राखाडी. जांभळा का म्हणतात, असं साडेचार वर्षांच्या मुलाला विचारा. जांभूळ खाल्लेली जीभ आठवली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

छत्रीचे शब्द सगळ्यात उशिरा येतात. मूल 'मेथी' लवकर म्हणतं, 'भाजी'ही म्हणतं, पण मधला 'पालेभाजी' त्याला कुणी सांगितलेलाच नसतो. पालेभाजी, फळभाजी, शेंगभाजी, कंद हे मधले शब्द म्हणजे गट पाडण्याचा कणा. एका आठवड्यात त्यातला एकच घ्या.

तीन दिवस, एकच पुस्तक

पहिल्या दिवशी नुसतं वाचायचं. प्रश्न नाहीत, बोट ठेवून 'हे काय?' नाही. मुलांना पान बघू द्या, पुढे जायची घाई नको. या दिवशी गप्प राहणं नव्या ताईला फार जड जातं, मलाही जायचं.

दुसरा दिवस बोलण्याचा. 'हे काय आहे?' हा प्रश्न पूर्ण टाकायचा असं मी म्हणत नाही, पण तो परीक्षेचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात संपतं. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांबरोबर महिनाभर काम केलं. वाचन दोन्ही गटांत सारखंच होत होतं. एका गटातल्या पालकांना मात्र शिकवलं होतं की मोकळे प्रश्न विचारा, मूल बोललं की त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत द्या, आणि गोष्ट सांगण्याचं काम हळूहळू मुलाकडे जाऊ द्या. महिन्याअखेर त्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत स्पष्टपणे पुढे होती.

वाक्य वाढवून परत देणं म्हणजे काय, ते ऐकल्याशिवाय कळत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीशी झालेलं बोलणं, आठवतं तसं:

"बाई भाजी घेते."
"हो, बाई मेथीची जुडी घेते. वर-खाली करून बघते बघ कशी."
"खराब हाय का बघती."
"असेल. पिवळी पानं आहेत का ते बघत असेल. घरी नेऊन काय करेल ती?"
"तोडंल."
"पानं खुडेल. आणि देठ?"
"देठ शेळीला."

'जुडी', 'पिवळी पानं', 'खुडेल', 'देठ' हे माझ्या यादीतले शब्द होते. 'शेळीला' तिचं. त्या एका शब्दाने तिसऱ्या दिवशीचा गट ठरला: आपण काय खातो आणि शेळी काय खाते. तिच्या 'हाय' आणि 'तोडंल'ला मी हात लावला नाही. भाषा सुधारायला पुढे बारा वर्षं शाळा आहे.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात पाच आकडे मोजा. आपण दोन आकड्यांतच उत्तर देऊन टाकतो.

तिसरा दिवस: पत्ते आणि ताटं

आता कात्री. पानाच्या झेरॉक्समधून वस्तू कापा, जुन्या कॅलेंडरच्या किंवा वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. बियाण्यांची पाकिटं, दुकानांच्या जाहिरातींची पत्रकं यांतूनही चांगली चित्रं मिळतात. ताटं नसतील तर सुतळीची दोन मोठी कडी जमिनीवर मांडा. तीन वर्षांच्या मुलापुढे सहा-आठ पत्त्यांच्या वर नको. चार वर्षांच्या मुलाला दहा-बारा चालतात. मूळ पुस्तक शेजारी उघडं ठेवा, मुलं पत्ता हातात घेऊन पानावर तीच वस्तू शोधायला जातात आणि त्यातून आपोआप जुळवण्याचा सराव होतो.

पहिला गट तुम्ही सुरू करून द्या. एका ताटात मेथी ठेवा, 'ही पालेभाजी'. शेपू ठेवा, 'हीसुद्धा पालेभाजी'. दुसऱ्यात वांगं. मग पालकाच्या भाजीचा पत्ता मुलाच्या हातात. पत्ता ठेवताना नाव आणि गटाचं नाव दोन्ही म्हणायचं, म्हणजे वर सांगितलेली ती नावाची जादू कामाला येते.

पत्ता 'चुकीच्या' ताटात गेला तर उचलू नका. विचारा, 'हा इथे कसा?' 'का?' पेक्षा 'कसा?' मवाळ लागतं. एका मुलीने वांगं, जांभूळ आणि बीट एकत्र ठेवलं होतं. रंग, हे उघड होतं. पण तिने त्यातच कांदाही ठेवला. विचारल्यावर म्हणाली, "हात रंगतो." कांद्याने हात रंगत नाही, वास लागतो. पण 'हाताला काहीतरी लागतं' हा तिचा नियम होता आणि मला 'डाग' आणि 'वास' हे दोन शब्द तिला तिथेच देता आले.

आठवड्याभराने नियम बदलून बघा. तेच पत्ते, पण आज रंगावरून. इथे मुलं अडतात आणि नव्या ताईला वाटतं की मूल ऐकत नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांनी कॅनडात केलेल्या प्रयोगांत हे फार छान दिसलं आहे. पत्ते आधी एका नियमाने, समजा आकाराने, लावायला सांगितले आणि मग रंगाने लावायला सांगितलं, तर तीन वर्षांची पुष्कळ मुलं जुन्याच नियमाने लावत राहतात. 'रंगाच्या खेळात लाल कुठे जातं?' विचारलं तर बोटाने बरोबर जागा दाखवतात, आणि लगेच हातातला पत्ता जुन्या जागी टाकतात. साधारण चार-पाचव्या वर्षी हे सुटू लागतं. तेव्हा लहान गटात नियम बदलायचाच असेल तर ताटं बदला, जागा बदला, मधे एक गाणं म्हणा. नुसतं 'अरे, आता रंग!' असं मोठ्याने म्हणून काही होत नाही.

पाच वर्षांची मुलं स्वतः नियम करतात. तेव्हा ताईने ओळखायचं. ती चार पत्ते ठेवतात, आपण अंदाज बांधतो, मुद्दाम एक-दोनदा चुकतो. मूल आपल्याला समजावायला जे शब्द वापरतं, ते आपण शिकवून आले नसते.

तिसरं ताट

वड्याच्या गाडीवाल्या मुलामुळे मी दोन ताटांची तीन ताटं केली. तिसरं 'अजून ठरलं नाही'चं. ज्या पत्त्यावर वाद होतो तो तिथे. टोमॅटो बहुतेक वेळा तिथेच जातो. तो फळ की भाजी यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालला होता आणि १८९३ साली न्यायालयाने, जकातीपुरती का होईना, त्याला भाजी ठरवलं. तेव्हा साडेतीन वर्षांच्या माणसाला थोडा वेळ द्यायला हरकत नाही. कैरी, नारळ, कच्चं केळं, लाल भोपळा हीसुद्धा वादाची मंडळी.

खऱ्या वस्तू, जपून

चित्रानंतर खरी भाजी हातात आलीच पाहिजे. परातीत दोन जुड्या आणि चार फळभाज्या ठेवल्या की चित्रात न कळलेला 'खडबडीत' बोटांना कळतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, खडे, शिंपले असं परिसरातलंच सामान वापरलं. आपणही तेच करायचं. मात्र कडधान्यं, शेंगदाणे, चिंचोके, मणी तीन वर्षांखालच्या मुलांपुढे आणू नका, आणि मोठ्यांनाही डोळ्यांसमोरच द्या. वाटाणा नाकात आणि शेंगदाणा घशात जायला क्षणही लागत नाही. वर्गात लहान भावंडं येत असतील तर त्या दिवशी फक्त पत्ते.

घरात मराठी, बाहेर दुसरी भाषा

परदेशात किंवा परप्रांतात वाढणारी मुलं नावं पटकन उचलतात आणि लिंगात अडकतात: 'मोठा चिंच', 'छोटी केळं'. त्यांच्यासाठी तीन ताटं वेगळी लावा, तो, ती आणि ते. तो आंबा, तो पेरू, तो फणस. ती चिंच, ती पपई, ती काकडी. ते केळं, ते डाळिंब, ते सीताफळ. पत्ता ठेवताना विशेषण जोडायचं: आंबट चिंच चालणार नाही, कारण तिथे शब्दाचं रूप बदलत नाही. हिरवा पेरू, हिरवी काकडी, हिरवं सीताफळ, असं बदलणारं विशेषण घ्या. नियम सांगू नका, ताटंच सांगतात.

अडतं कुठे

एक मूल बोलतच नाही. त्याला पत्ते ठेवू द्या, बोलणं आपण करू. हाताने केलेला गट हेही उत्तरच आहे, आणि बोलणं बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक येतं.

वर्गात पंचवीस मुलं आणि पुस्तक एक. सगळ्यांपुढे पुस्तक धरून वाचा, पण पत्ते पाच-सहांच्या गटातच. बाकीचे तोवर चित्र काढतील, मातीत खेळतील. पंचवीस मुलांपुढे एक ताट ठेवलं तर वर्गीकरण होत नाही, मारामारी होते.

वेळ दहा मिनिटं, फार तर पंधरा. मुलं रमलेली असतानाच पत्ते गोळा केले तर उद्या ती स्वतः मागतात.

वहीत रोज मूल किती 'बरोबर' हे लिहू नका. त्याने दिलेलं एखादं कारण त्याच्याच शब्दांत लिहा. 'देठ शेळीला', 'हात रंगतो'. जूनमधली आणि मार्चमधली कारणं शेजारी ठेवून पालकांना दाखवली की वेगळ्या प्रगतिपुस्तकाची गरज पडत नाही.

शनिवारी तिसरं ताट सगळ्यांसमोर काढायचं आणि एकेक पत्ता पुन्हा विचारायचा. काही पत्ते या वेळी आपापल्या ताटात जातात, काही परत येतात. बटाटा माझ्याकडे आता दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी कंदांत जातो. अळंबीचा पत्ता मात्र तीन वर्षं तिथेच आहे. मुलं त्याला छत्री म्हणतात, आणि दर पावसाळ्यात कुणीतरी तो उचलून कपड्यांच्या पत्त्यांमधल्या रेनकोटशेजारी नेऊन ठेवतं.